पळस, तांबट आणि एक वाळकी फांदी

माघ संपत आला की आमच्या घरी दोन गोष्टी एकदम होतात. सकाळी चहा घेताना स्वेटर नकोसा वाटायला लागतो, आणि मी गळ्यात कॅमेरा अडकवून साडेसहाला बाहेर पडायला लागतो. घरच्यांनी यावर बोलणं आता सोडून दिलंय. "येताना दूध आण" एवढंच सांगतात.

मंडळी, पंचांगातला वसंत चैत्रात लागतो. मराठवाड्यात चैत्र म्हणजे डोक्यावर रुमाल आणि पाठीला घाम. पक्ष्यांना पंचांग कळत नसल्यामुळे असेल, त्यांचा वसंत माघ-फाल्गुनातच उरकायला लागतो. महाशिवरात्र ते गुढीपाडवा हे चार-पाच आठवडे पक्ष्यांचे फोटो काढायला आमच्याकडे सगळ्यात चांगले. थंडीचे पाहुणे अजून गेलेले नसतात, इथले कायमचे रहिवासी घर बांधायच्या गडबडीत असतात, आणि झाडांची पानं गळालेली असल्यामुळे पक्षी दिसतातही. पावसाळ्यात आवाज येतो पण पक्षी दिसत नाही. मग नुसतं पानांकडे बघत मान दुखवून घ्यायची!

बाहेरगावच्या नातेवाईकांना वाटतं की छत्रपती संभाजीनगर म्हणजे लेणी, मकबरा आणि पाण्याची बोंब. (आमच्या आत्याच्या तोंडी अजून 'औरंगाबाद'च आहे, आणि या वयात ते बदलणार नाही.) पक्षी कुठले तिथे, असा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून आधी थोडं भूगोलाचं सांगतो.

दिल्ली गेटजवळ सलीम अली सरोवर आहे. मोगलांच्या काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. त्याच्या समोर रस्त्यापलीकडे हिमायत बाग. पूर्वीची शाही बाग, आता तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जुनी दाट झाडी आणि मधे वाहता रस्ता, असं हे सगळं भर गावात आहे. थोडं पुढे गेलं की विद्यापीठाचा परिसर, त्यामागे लेण्यांचा डोंगर आणि गोगाबाबा टेकडी. तिथे सकाळी मोर ओरडतात. आणि पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडीचा नाथसागर. १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं आणि १९८६ साली त्या पाण्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे माणसांनी शेतीसाठी पाणी अडवलं आणि दहा वर्षांत तिथे सरकारी शिक्क्याने पक्ष्यांचं गाव झालं. जलाशय उथळ असल्यामुळे पाणी उतरायला लागलं की काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. बदकं, शेकाटे, करकोचे यांना तेच हवं असतं.

सलीम अलींचं नाव या तलावाला कसं शोभतं ते मला फार उशिरा वाचनात आलं. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती आणि तेव्हा आपला हा सगळा भाग त्याच संस्थानात होता. ते पक्ष्यांकडे वळले ते एका रानचिमणीमुळे, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि पुढचं आयुष्य त्यातच गेलं. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आमच्याकडेही दिसते. काटेसावर आणि पळस फुलला की मध प्यायला येते. कोणी वळूनसुद्धा बघणार नाही इतकी साधी दिसते. गळ्यावरचा डाग मान वर केली तरच दिसतो, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून ती मान वर करेलच असं नाही.

आता फोटोंबद्दल.

माझा कॅमेरा साधा आहे, लेन्स न बदलणारा, लांबचं जवळ आणणारा. मोठ्या तोफा घेऊन फिरणारे लोक नाथसागरावर भेटतात, तेव्हा मी आपला बाजूला उभा राहतो. पण एवढ्या वर्षांत एक कळलंय की या दिवसांत कॅमेऱ्यापेक्षा उन्हाचा हिशोब महत्त्वाचा. साडेनऊनंतर आमच्याकडे ऊन इतकं कडक होतं की पांढरा बगळा म्हणजे नुसता चुन्याचा ठिपका येतो. सात ते नऊ एवढीच वेळ. तीही सूर्य पाठीशी ठेवून.

शिंजिराचंच बघा ना. हा आपला जांभळा सूर्यपक्षी. पावसाळ्यानंतर नराचा चकचकीत पोशाख उतरतो आणि तो मादीसारखा मळकट-पिवळा दिसायला लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा नवा रंग चढतो. पण हा रंग म्हणजे डब्यातला रंग नव्हे. पिसांची रचनाच अशी असते की प्रकाश ठरावीक कोनातून पडला तर जांभळा-निळा झळकतो, नाहीतर पक्षी कोळशासारखा काळा. एकाच फांदीवर, एकाच मिनिटात, त्याने नुसती मान वळवली की दोन वेगळे पक्षी वाटावेत! माझ्याकडे शिंजिराचे किमान दोनशे काळे फोटो आहेत. रंगाचे सात.

सरोवराच्या काठी मजा वेगळी. तिथे मला नावांचीच गंमत जास्त वाटते. हळदी-कुंकू बदक घ्या. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. ज्याने कोणी हे नाव ठेवलं (ठेवणारी बाईच असणार असं आमची आई म्हणते) तिने एकदा नीट बघितलं आणि विषय संपवला. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. पसरट चोचीचा तो थापट्या. काड्यांसारख्या लांबच लांब लाल पायांचा शेकाट्या. ही नावं शाळेत कोणी शिकवली नाहीत. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश हातात आला तेव्हा एकेका पक्ष्याला आपल्याकडे किती नावं आहेत ते कळलं. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तो कोश आमच्याकडे टीव्हीच्या टेबलावर असतो. आईला फोटो दाखवला की ती आधी तिच्या माहेरचं नाव सांगते, मग आम्ही कोशात शोधतो. तिचं नाव त्यात सापडलं की दिवसभर तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

भोरड्यांबद्दल तर तिच्याकडे तक्रारीच जास्त आहेत. भोरडी म्हणजे पळसमैना. अंगाने गुलाबी, डोकं-पंख काळे. थंडीत हजारोंच्या संख्येने येतात आणि संध्याकाळी आभाळात त्यांचे थवे असे वळतात की धुराचा लोट वाटावा. लोक त्याचे व्हिडिओ काढतात. आईच्या लहानपणी मात्र भोरड्या आल्या म्हणजे ज्वारी राखायला माळ्यावर चढायचं आणि गोफण फिरवत दिवसभर ओरडायचं. "तुमचं कौतुक राहू द्या, आमची कणसं खाल्लीत त्यांनी," असं ती म्हणते. तेही खरंच. आणि हेही खरं की हाच पक्षी टोळ आणि किडेही भरपूर खातो. मध्य आशियात विणीच्या काळात त्याचा बराचसा भर टोळांवरच असतो. मार्चमध्ये पळसावर बसलेल्या भोरड्यांचा गुलाबी रंग जास्त खुलतो, कारण पिसांची मळकट टोकं तोवर झिजून गेलेली असतात. केशरी फुलं, गुलाबी पक्षी, मागे निळं आभाळ... कोणाच्याही हातून चांगला फोटो येईल असं ते दृश्य. एप्रिल संपायच्या आत सगळ्या निघून जातात.

असो. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत, १४ ते १७ तारखेला, जगभरची ती पक्षी मोजणी होती. आपल्या अंगणात किंवा जवळपास पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची. अमेरिकेत १९९८ साली हे सुरू झालं आणि भारतात २०१३ पासून लोक भाग घेतात. मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मोजत होतो. पारवे, चिमण्या, बुलबुल, साळुंक्या... आणि तांबट.

तांबट तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. दुपारी कुठूनतरी 'टुक टुक टुक टुक' चालू असतं, तांब्याच्या हंड्यावर ठोके घालावेत तसं. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा. चोच बंद ठेवून ओरडतो आणि प्रत्येक ठोक्याला मान इकडे-तिकडे वळवतो. त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. सकाळी मात्र उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. तेव्हा त्याच्याइतका सोपा पक्षी नाही.

हा मात्र ऊन खात नव्हता. आमच्या पार्किंगच्या कडेला गुलमोहर आहे. त्याच्या एका वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला तो चिकटला होता आणि चोचीने भुसा काढत होता. लिंबाएवढं भोक. थोड्या वेळाने तो गेला आणि दुसरा आला. नर-मादी दोघंही पाळीपाळीने कोरतात. मी वरून दहा-बारा फोटो काढले. एकात भुसा खाली पडताना दिसतो. तो मला अजून आवडतो.

आता अडचण अशी की ती फांदी तोडायची ठरली होती.

आणि तोडायचं ठरवणारे लोक चुकीचे नव्हते हो. आदल्या पावसाळ्यात त्याच झाडाची एक वाळकी फांदी एका स्कूटरवर पडली होती. त्या खाली मुलं क्रिकेट खेळतात. समितीतले काका रीतसर परवानगीच्या मागे लागले होते, होळीच्या आत काम उरकायचं त्यांचं चाललं होतं. माणूस अतिशय सज्जन. कोणाच्या मुलाच्या डोक्यात फांदी पडली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न. याला उत्तर म्हणून "पण तिथे पक्षी आहे" असं म्हणायचं तर स्वतःलाच जरा विचित्र वाटतं.

पण तांबटाचं असं आहे की त्याला वाळकीच फांदी लागते. जिवंत लाकूड त्याच्या चोचीला झेपत नाही. आणि आपण शहरात आधी वाळकंच तोडतो, कारण ते धोक्याचं असतं, आणि दिसायलाही बरं दिसत नाही. तेही नेमकं फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळ्याच्या तयारीला. म्हणजे त्याला घर बांधायला जे लाकूड लागतं आणि आपण जे काढून टाकतो ते एकच, आणि वेळही एकच! तांबटाने कोरलेलं भोक पुढे दुसऱ्यांच्याही कामाला येतं. ज्यांना स्वतः कोरता येत नाही, असे पक्षी जुन्या ढोलीत घर करतात. सलीम अलींची ती रानचिमणीसुद्धा त्यातलीच.

मी काकांना फोटो दाखवले. भाषण नाही दिलं. मोबाईलवर भुशाचा फोटो मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा आवाज करतो तो हाच का? मला वाटायचं शेजारी कुठेतरी काम चालू आहे." मग म्हणाले, "किती दिवस लागतील याला?"

मी वाचलेलं सांगितलं. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, त्यानंतर पिल्लं बाहेर पडायला महिनाभर किंवा थोडं जास्त. म्हणजे एप्रिलअखेर धरा. काकांनी कागदावर तारखा लिहिल्या. शेवटी ठरलं ते असं की बाकीच्या दोन वाळक्या फांद्या लगेच तोडायच्या, ही एक मेच्या शेवटी तोडायची, तोवर तिच्याखाली गाडी लावायची नाही आणि मुलांनी खेळायचं पलीकडे. खाली दोरी बांधली. दोन गाड्यांची जागा गेली. त्यातली एक काकांची स्वतःची होती, ते त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलंसुद्धा नाही.

सगळे खूश होते असं मुळीच नाही. "एका पाखरासाठी आम्ही रस्त्यावर गाडी लावायची का?" असं एक ताई मला जिन्यात म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांना चालायला त्रास होतो. गाडी दारात हवी. मला त्यावर काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना आपल्या ओळखीतून फाटकाजवळची जागा मिळवून दिली.

दुसरा त्रास आमच्यातलाच. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यावर मामेभाऊ म्हणाला, रविवारी मित्रांना घेऊन येतो, ट्रायपॉड, फ्लॅश सगळं आहे, आणि मोबाईलवर तांबटाचा आवाज लावला की तो बाहेर येईलच. मी त्याला नाही म्हटलं. विणीच्या दिवसांत पक्ष्याला त्याचाच आवाज ऐकवला की त्याला वाटतं दुसरा कोणीतरी आपल्या हद्दीत घुसला. मग तो घरटं सोडून भांडायला निघतो. तो वेळ त्याचा अंडी उबवण्यातून किंवा खाऊ आणण्यातून जातो. आपल्याला मिळतो एक फोटो. मामेभाऊ दोन आठवडे रुसला होता, पण पाडव्याला आला तेव्हा आमच्या जिन्याच्या खिडकीतून दहा मिनिटं गुपचूप बघत बसला. फोटो नाही काढला. "अरे, दोघं येतात की पाळीने," एवढंच म्हणाला.

मी रोज सकाळी त्याच खिडकीतून पाच मिनिटं, जास्त नाही, असा नियम केला होता. मार्चच्या शेवटी दोघं चोचीतून फळं आणताना दिसायला लागले. मागच्या गल्लीत वड आहे, तिथून आणत असावेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा भोकातून एक डोकं दिसलं. लाल रंग नाही, नुसतं मळकट हिरवं. त्याचा फोटो धूसर आला आहे. मग एके दिवशी भोक रिकामं. पिल्लं उडताना मी पाहिली नाहीत, सोसायटीत कोणीच पाहिली नाहीत. किती होती तेही कळलं नाही.

ठरल्याप्रमाणे मेच्या शेवटी फांदी तोडली. काकांनी आधी मला फोन करून विचारलं, "आता नाही ना कोणी आत?" खाली आल्यावर मुलांनी तो तुकडा ताब्यात घेतला. आत हात घालायला कोणी तयार नव्हतं. शेवटी एका मुलीने टॉर्च मारून बघितलं. आत गवत नाही, कापूस नाही, काही अंथरलेलं नाही. नुसती कोरलेली गुळगुळीत खोली आणि तळाला बिया. "एवढ्याच जागेत सगळे राहत होते?" असं तिने विचारलं. तो तुकडा आता काकांच्या दारात कुंडीशेजारी ठेवलेला आहे.

या सगळ्यातून मला एक कळलं. चांगल्या फोटोची माझी व्याख्या पूर्वी वेगळी होती. पक्षी स्वच्छ दिसायला हवा, डोळ्यात चमक हवी, मागचं सगळं पुसट हवं. त्या हिशोबाने भुशाचा तो फोटो अगदीच सुमार. पण त्यात फांदी कुठली, भोक कुठे, कोण काय करतंय हे सगळं दिसतं. मागचं पुसट असतं तर काकांना ते आपलं झाड आहे हे कळलंच नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक पक्ष्याचा एक फोटो मुद्दाम लांबून काढतो. झाड, भिंत, तारा, रस्त्यावरची रिक्षा, जे असेल ते येऊ देतो. आणि तारीख व जागा लिहून ठेवतो. शिंजिराच्या दोनशे काळ्या फोटोंचा काय उपयोग असं घरी विचारतात. कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात त्याला रंग चढला, ते त्यातून कळतं. एवढा उपयोग पुरे.

तुमच्यापैकी कोणाला करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. मोबाईल चालेल. आपल्या गल्लीतलं एक झाड ठरवा, शक्यतो एखादी वाळकी फांदी असलेलं. होळीपर्यंत रोज सकाळी पाच मिनिटं बघा. घरटं सापडलं तर जवळ जाऊ नका, फ्लॅश मारू नका, आणि जागा चारचौघांत जाहीर करू नका. फांदी तोडायला कोणी आलं तर तेवढं थांबवून बघा.

विद्यापीठाच्या मागच्या बाजूला पळस फुलायला लागलाय, भोरड्या अजून आहेत. नाथसागरावरचे पट्टकादंब हंस थोड्याच दिवसांत हिमालय ओलांडायला निघतील, त्याआधी एक फेरी व्हायला हवी. रविवारी पैठणला जातोय. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, डबा मात्र आपापला आणायचा.